शिक्षक हो, असे कुणी सांगायचे?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शिक्षक कक्षात पुढचे काही दिवस एकच विषय चालतो. कुणाला किती टक्के पडले, कोण साताऱ्याला जाणार, कोण पुण्याला, कुणी डिप्लोमाचा अर्ज भरला, कुणाच्या वडिलांनी लातूरला क्लासची जागा आधीच धरून ठेवली आहे. बोलता बोलता आम्ही हुशार मुलांपैकी एकेकाला डॉक्टर, अभियंता, तहसीलदार करून मोकळे होतो. शिक्षक मात्र कुणालाच करत नाही. एखाद्या नवख्या सरांनी ‘हिला शिकवायला काय सुरेख जमेल’ असे म्हटलेच, तर दुसरे कुणीतरी लगेच हसून म्हणते, ‘कशाला त्या पोरीच्या आयुष्याची माती करता?’ गंमत अशी की हे म्हणणारी व्यक्ती बहुधा वर्गात जीव ओतून शिकवणारी असते, आणि तिच्या तासाला मुले घंटेची वाट पाहत नाहीत.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ही चर्चा मी कडेला बसून ऐकते असे म्हणता येणार नाही. तिच्यात मीही असतेच. पण अलीकडे एक गोष्ट मला फार खटकू लागली आहे. चांगली मुले शिक्षकी पेशाकडे वळत नाहीत, अशी ओरड शिक्षण खात्यापासून वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत सगळीकडे असते. मुलाला ‘तू शिक्षक हो’ असे सांगण्याची पहिली संधी ज्यांच्याकडे येते ते मात्र आम्ही, आठवी ते दहावीला शिकवणारे लोक. त्याचा कल, त्याची भाषा, वर्गातल्या ढिल्या पोराशी त्याचे वागणे हे सगळे आम्ही रोज पाहतो. आणि नेमके आम्हीच त्याला काही सांगत नाही, किंवा सांगतो ते ‘नको’ म्हणून सांगतो.

हे नेहमीच असे नव्हते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या भागात बारावीला उत्तम गुण मिळवणाऱ्या आणि घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीची वाट ठरलेली असे. ती डी.एड.ला जाई, दोन वर्षांत पदविका हातात पडे आणि विशीच्या सुरुवातीलाच ती जिल्हा परिषदेच्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत रुजू होई. डी.एड.च्या गुणवत्ता यादीत नाव लागावे म्हणून मुले बारावीला रात्रीचा दिवस करत. लग्नाच्या बाजारातही या पदविकेला भाव होता. ‘दोघेही झेडपीत’ एवढे दोन शब्द स्थळाच्या बाबतीत पुरेसे असत आणि पुढे तालुक्याच्या गावी त्यांचा बंगला होई. या सगळ्याला सेवाभावाचे नाव देण्याची गरज नाही. नोकरी लवकर लागे, पक्की असे आणि गावात मान असे, म्हणून हुशार मुले येत. पण ती येत होती, हे महत्त्वाचे आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला जे चांगले प्राथमिक शिक्षक मिळाले, ते बऱ्याच अंशी या व्यवहारी हिशेबातूनच मिळाले.

मग ती वाट मोडली, आणि ती मुलांनी मोडली नाही. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे पूर्ण वेतनाऐवजी मानधनावर काम करायचे, असे ठरले. त्याच दशकात अध्यापक विद्यालयांचे, म्हणजे डी.एड. कॉलेजांचे, अमाप पीक आले. पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या आणि उपलब्ध जागा यांचा मेळ राहिला नाही. २ मे २०१२ रोजी शासनाने शिक्षक भरतीवर बंदी घातली आणि ती पुढे कितीतरी वर्षे कमी-अधिक स्वरूपात चालू राहिली. दरम्यान शिक्षणहक्क कायद्यामुळे शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक झाली. राज्यातली पहिली टीईटी डिसेंबर २०१३मध्ये झाली. २०१७ साली शिक्षक भरतीसाठी आणखी एक परीक्षा, अभियोग्यता चाचणी, आणि भरतीचे ‘पवित्र’ हे ऑनलाइन पोर्टल आले. भरतीतली देवाणघेवाण थांबावी हा पोर्टलमागचा हेतू चांगला होता, पण चाचणी देऊन बसलेल्या उमेदवारांची वर्षे वाट पाहण्यात गेली. त्यात डिसेंबर २०२१मध्ये टीईटीतलाच गैरव्यवहार बाहेर आला आणि ज्या परीक्षेने गुणवत्ता सिद्ध व्हायची तिच्यावरचाच विश्वास उडाला. ज्या अध्यापक विद्यालयांच्या दारात एकेकाळी यादी लागली की गर्दी होई, त्यांतली कित्येक विद्यार्थ्यांअभावी बंद पडली.

म्हणून पालक आज ‘मास्तरकी नको’ म्हणतात, तेव्हा त्यांना मूल्यांची चाड राहिली नाही, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. प्रत्येक गावात त्यांच्या डोळ्यांसमोर एक उदाहरण असते. कुणाचा तरी पुतण्या एम.ए., बी.एड., टीईटी पास असून विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर राबत असतो, अनुदानाचा पुढचा टप्पा कधी मिळतो याकडे डोळे लावून. कुणाची सून तासिका तत्त्वावर शिकवत असते आणि मे महिन्यात तिच्या हातात काहीच पडत नाही. संस्थेत कायम होण्यासाठी किती ‘देणगी’ द्यावी लागते याचे आकडे पारावर उघडपणे बोलले जातात. अशा घरातल्या मुलीला आपण ‘शिक्षकी हा पवित्र पेशा आहे’ असे सांगायला जातो, तेव्हा आपण तिच्या घरच्यांचा अनुभव खोटा ठरवत असतो. त्या घराला गुरुमहिम्याचे श्लोक ऐकवून उपयोग नाही. पैशाचे आणि वाटेचे नीट बोलले पाहिजे.

तर ते बोलू. जानेवारी २०२३पासून शिक्षण सेवकाचे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. त्याआधी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते, हे सांगताना आजही संकोच वाटतो. तीन वर्षांनंतर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून आणि प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचे ३८,६०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. म्हणजे अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेला शिक्षक उपाशी राहत नाही. तालुक्याच्या ठिकाणी तो बऱ्यापैकी सुखाने राहतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. आणि खरी अडचण पगारात नसून पगारापर्यंत पोचण्याच्या अनिश्चित काळात आहे, हे तर सर्वांत आधी. सतरा वर्षांच्या मुलाला हे आकडे कळतात. आपल्याला वाटते त्यापेक्षा ती मुले अधिक हिशेबी असतात आणि कुणी त्यांच्याशी हिशेबाने बोलले की त्यांना बरे वाटते.

हे सगळे दहावीच्या वयातच का बोलायचे, याला आता एक नवे कारण आहे. आजवर माध्यमिक शिक्षक होण्याचा निर्णय पदवीनंतर होत असे, आणि तोही बहुतेकदा बाकीचे दरवाजे बंद झाल्यावर. स्पर्धा परीक्षेत दोन-तीनदा अपयश आले, कंपनीत जमले नाही, तर ‘बी.एड. करून ठेव’ असे घरचे म्हणत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३०पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. (पदवी आणि बी.एड. एकत्र) ही शिक्षकासाठी किमान पात्रता करायचे ठरवले आहे आणि बारावीनंतरच्या त्या अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळी सामाईक प्रवेश परीक्षाही सुरू झाली आहे. याचा अर्थ निर्णय बारावीत आला. आणि बारावीत घ्यायच्या निर्णयाची पेरणी नववी-दहावीत करावी लागते. पण आमच्या शाळेत करिअर मार्गदर्शनासाठी जे तज्ज्ञ येतात, त्यांच्या सादरीकरणात मर्चंट नेव्हीपासून डेटा सायन्सपर्यंत सगळे असते. समोर बसलेली मुले रोज ज्या व्यवसायाच्या सान्निध्यात सहा तास काढतात, तो व्यवसाय तेवढा नसतो.

कोण शिक्षक व्हावे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याचे सर्वांत नेमके उत्तर मला १८८२च्या एका निवेदनात सापडते. ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांविषयी जे मांडले, ते आजच्या कोणत्याही धोरणाच्या मसुद्यात जसेच्या तसे बसेल. शिक्षक प्रशिक्षित असावेत. ते शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, कारण ते त्या मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि वेळ पडली तर नांगराच्या मुठीला हात लावायला लाजणार नाहीत. आणि त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, मोठ्या गावात तो पंधरा-वीसपर्यंत न्यावा. गावच्या हिशेबतपासणीसारखी, टपालासारखी कामे त्यांच्याकडे दिली तर गावात त्यांचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचवले होते. मला यातली गुंफण महत्त्वाची वाटते. नुसता त्याग मागितलेला नाही आणि नुसता पगारही मागितलेला नाही. माणूस कुठून यावा, त्याला काय यावे, त्याला काय मिळावे आणि गावात त्याची जागा कोणती, हे चारही प्रश्न एका दमात विचारलेले आहेत. (टपाल आणि हिशेबाची ती सूचना वाचून आजचे शिक्षक कपाळाला हात लावतील, हे मला ठाऊक आहे, मतदार याद्या, पोषण आहार आणि रोजची ऑनलाइन माहिती भरून त्यांचे वजन वाढण्याऐवजी उतरले आहे.)

जोतीरावांच्याच घरातली शिक्षिका आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावची. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा आणि पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ची. म्हणजे वर्गासमोर उभी राहिली तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आजच्या बारावीच्या वयाची. जयंतीला आम्ही तिच्या तसबिरीला हार घालतो, अंगावर शेण झेलण्याची गोष्ट सांगतो आणि मुली भारावून ऐकतात. पण तसबिरीतली बाई त्यांना आजीच्या वयाची वाटते. ती तुमच्याच वयाची होती आणि तिला आधी शिकवायला शिकावे लागले, हे सांगितले की वर्गातली हालचाल बदलते. कुणीतरी मागून विचारते, ‘मॅडम, तिला भीती नसंल वाटली?’ हा प्रश्न मला कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो विचारणारीने क्षणभर स्वतःला त्या जागी उभे केलेले असते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीही हे जाणले होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या या माणसाने १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. गावोगाव शाळा हव्या असतील तर गावोगावची मुलेच शिक्षक म्हणून तयार करावी लागतील, हे त्यांना उघड दिसत होते. वर उल्लेख केलेल्या २०२०च्या धोरणातही ग्रामीण मुलांना, विशेषतः मुलींना, बी.एड.साठी शिष्यवृत्ती आणि नंतर आपल्याच भागात नोकरीला प्राधान्य, अशी तरतूद लिहिलेली आहे. जोतीरावांची १८८२ची मागणी जवळजवळ एकशेचाळीस वर्षांनी पुन्हा कागदावर आली, असे म्हणायला हरकत नाही. ती कागदावरून खाली कधी उतरते, ते पाहायचे.

पण पगार, भरती आणि धोरण हे सगळे उद्या सुरळीत झाले, तरी एक अडचण उरेलच. मुलांना शिकवणे म्हणजे काय ते माहीत नसते, आणि ते माहीत आहे असे त्यांना वाटत असते. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली यावर बोट ठेवले होते. शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे तेरा हजार तास शिक्षकांना जवळून पाहतो. इतर कोणत्याही व्यवसायाचे काम कुणी इतके पाहत नाही. पण तो ते बाकावरून पाहतो. हा प्रश्न बाईंनी आत्ताच का विचारला, तो सोपा मुद्दा आधी का घेतला, उत्तर येत असलेल्या मुलाला त्यांनी मुद्दाम का थांबवले, यातले काहीच त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो खडू, आवाज आणि हुकूम.

याचा पुरावा हवा असेल तर कोणत्याही मराठी शाळेत ५ सप्टेंबरला जावे. आपल्याकडे त्या दिवशी स्वयंशासन दिन असतो. दहावीतल्या मुली आईची साडी नेसून येतात, निऱ्यांना ठिकठिकाणी पिना टोचलेल्या, खांद्याला पर्स. मुलगे इनशर्ट करून, कुणी वडिलांचे घड्याळ घालून. एक मुख्याध्यापक होतो, एक शिपाई होतो आणि तोच दिवसभर सर्वांत आनंदात असतो, कारण घंटा त्याच्या हातात असते. सहावीच्या वर्गात शिरलेली नवी ‘बाई’ सगळ्यात आधी काय करते? टेबलावर डस्टर आपटते आणि म्हणते, ‘शांत बसा.’ मग फळ्याच्या कोपऱ्यात पट-हजेरी लिहिते, धड्यातला उतारा वाचायला लावते, दोन पोरांना उभे करते. दुपारी आम्ही खरे शिक्षक त्यांचे कौतुक करतो, फोटो निघतात, एखादी मुलगी मनोगतात ‘आज आम्हाला शिक्षकांचे कष्ट कळले’ असे सांगते आणि टाळ्या पडतात. वर्षातून एकदा मुलांना शिकवण्याची चव घ्यायची संधी येते, आणि आपण ती वेशभूषा स्पर्धेसारखी पार पाडतो. त्यांनी नक्कल केलेली असते ती आमच्या कामाच्या बाहेरच्या सालीची. त्यात त्यांचा दोष नाही. गाभा आम्ही कधी दाखवलेलाच नसतो.

आमच्या शाळेत काही वर्षे आम्ही त्या दिवसाला जोडून एक छोटी गोष्ट करतो. नववीतल्या इच्छुक मुलांना पाचवी-सहावीच्या चार-पाच मुलांचा एकेक गट द्यायचा आणि अख्खा धडा न देता एकच अडलेली गोष्ट सोडवायला द्यायची. साडी-कोट नाही, मुख्याध्यापक नाही, आठवडाभर रोज एक तास. त्यातला एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे.

नववीतली एक मुलगी अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती. तिच्या गटातल्या एका सहावीतल्या मुलाने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे लिहिले. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. तिने त्याला छेद समान करण्याची रीत सांगितली, ल.सा.वि. काढून दाखवला, त्याने मान डोलावली आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा तेच केले. तिने तीच रीत दुसऱ्यांदा सांगितली, जरा मोठ्या आवाजात. तिसऱ्यांदा सांगताना ती रडवेली झाली होती. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि तक्रार करेल असे वाटत असताना म्हणाली, ‘मॅडम, तो चुकत नाही. त्याला ती बेरीज बरोबरच वाटते. मी सांगते ते त्याला नुसतंच अजून एक सांगणं वाटतंय.’

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर काहीच लिहिले नाही. तो मुलगा वरच्या वाडीतून येतो. तिने त्याला विचारले, ‘सकाळी घरातून किती वेळ चालतोस?’ तो म्हणाला, ‘वीस मिनटं.’ ‘मग एसटीत?’ ‘अर्धा तास.’ ‘वीस मिनिटं म्हणजे तासाचा कितवा भाग?’ थोडे बोटांवर मोजून तिसरा भाग, हे गटाने मिळून काढले. ‘म्हणजे अर्धा तास आणि एक तृतीयांश तास. तू काल म्हणालास, दोन्ही मिळून दोन पंचमांश तास. एका तासाचे पाच भाग केले तर एक भाग किती मिनिटांचा?’ बारा. ‘दोन भाग?’ चोवीस. मुलगा गप्प झाला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते लिहून दाखवता येणार नाही, पण तो जे म्हणाला ते लिहिता येईल: ‘असं कसं? नुसत्या एसटीलाच तीस मिनटं लागत्यात!’ मग त्यानेच पन्नास मिनिटे म्हटले, साठपैकी पन्नास म्हटले आणि पाच षष्ठांशापर्यंत गट त्याच्याबरोबर गेला. छेद समान करणे म्हणजे दोन्ही वेळा मिनिटांत मोजणे, हे तिने सांगितले ते सर्वांत शेवटी, एका वाक्यात.

गणित त्या मुलीला आधीही येत होते. त्या एका रात्रीत ती जे शिकली ते गणिताहून वेगळे होते: चुकणाऱ्याच्या डोक्यात कोणती बरोबर गोष्ट बसली आहे ते ओळखणे, आणि त्याच्याच जगण्यातला असा प्रश्न शोधणे की चूक त्याची त्याला खटकेल. शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८०च्या दशकात हेच मांडले होते, की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या यांच्या पलीकडे, तो विषय शिकवण्याचे असे एक वेगळे ज्ञान असते आणि ते शिक्षकाचे स्वतःचे असते. हे ज्ञान बुद्धीला आव्हान देणारे आहे. कोडी सोडवायला आवडणाऱ्या मुलाला यात रोज नवे कोडे आहे, आणि ते कोडे उलटे उत्तर देते, रुसते, मध्येच पाणी प्यायला जाऊ का विचारते. हुशार मुलांना या पेशाकडे बोलवायचे असेल तर त्यांना सेवेपेक्षा हे आधी सांगावे, असे माझे ठाम मत झाले आहे. सेवा वगैरे पुढे आपोआप कळते, किंवा कळत नाही. पण डोक्याला खाद्य नसलेल्या नोकरीत हुशार मुलगा टिकत नाही.

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यात शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या मुलांसाठी ‘टीचर कॅडेट’ नावाचा अभ्यासक्रम १९८०च्या दशकाच्या मध्यापासून चालतो. शिक्षक मिळेनात म्हणून तो सुरू झाला. त्यात मुले प्रत्यक्ष लहान वर्गांत जाऊन पाहतात, शिकवतात आणि त्यावर बोलतात. आपल्याकडे एनसीसी आहे, स्काउट-गाइड आहे, कार्यानुभव आहे. शिकवण्याचा अनुभव मात्र कशातच नाही, आणि तो द्यायला ना इमारत लागते ना अनुदान. पाचवीचा वर्ग त्याच आवारात असतो. (शिक्षणाच्या चर्चेत हटकून येणारे फिनलंडचे नाव या लेखात अजून कसे आले नाही, असे वाचकांपैकी कुणाला वाटत असेल. तिथल्या गोष्टी मी व्याख्यानांतून इतक्या ऐकल्या आहेत की आता आमच्या वाडीवरच्या शाळेचेच काहीतरी ऐकावेसे वाटते.)

आमच्या त्या उपक्रमातून किती मुले शिक्षक होतील, याचा हिशेब मी मांडत नाही. काही मुले तर तिसऱ्याच दिवशी येऊन सांगतात, ‘मॅडम, हे आपलं काम नाही,’ आणि तेही फायद्याचेच आहे. ज्याला लहान मुलाच्या चौथ्या ‘पण का?’ला राग येतो, त्याने या पेशात येऊन चाळीस मुलांचे नुकसान करण्यापेक्षा दुसरे काही उत्तम करावे. शिकवण्याची आवड असलेली मुले गुणांच्या यादीत पहिलीच असतात असेही नाही. कधी ती सातव्या-आठव्या क्रमांकावर असतात, स्वतः एकदा अडखळून पुढे गेलेली, आणि म्हणून दुसरा कुठे अडला आहे ते त्यांना लवकर दिसते. अशा मुलाला बाजूला घेऊन ‘तू समजावून सांगतोस ते कळते’ एवढे नेमके वाक्य सांगावे. ‘तू छान शिक्षक होशील’ असे गुळगुळीत बोलून काही होत नाही. काय छान केले ते सांगितले की ते त्याच्या लक्षात राहते.

मध्यंतरी अपूर्णांक शिकवणाऱ्या त्या मुलीची आई शाळेत आली होती. मुलीने घरी काहीतरी बोलून ठेवले असावे. आई खुर्चीच्या काठावर टेकून बसल्या आणि पदराने घाम पुसत म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचं वाईट नाही म्हणत. पण आमच्या जाऊबाईंचा पोरगा बघा, बी.एड. होऊन बसलाय. हिला पण तसंच बसवायचं का?’ मी त्यांना वर लिहिले ते सगळे सांगितले: मानधन, तीन वर्षे, मूळ वेतन, टीईटी, अभियोग्यता चाचणी, पोर्टल. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली, त्यामुळे आमच्यातलेच पन्नाशीकडे झुकलेले सहकारी आता रात्री बालमानसशास्त्राची पुस्तके उघडून बसतात, हेही सांगितले. त्या हसल्या. मग त्यांनी विचारले, ‘तुम्ही तुमच्या पोरीला केलं असतं का?’

हा प्रश्न त्यांनी विचारावा हे रास्त होते. मी म्हटले, तिला शिकवायला आवडत असते तर केले असते, पण सोबत दुसरी एक वाट उघडी ठेवून. भरती कधी निघेल ते माझ्या हातात नाही. पदवीचा विषय असा घ्यायचा की त्यावर दुसरीकडेही उभे राहता येईल, हे मात्र तिच्या हातात आहे. गणित घेऊन चार वर्षांची बी.एड. केली तर ती पुढे एम.एस्सी. करू शकते, बँकेच्या परीक्षा देऊ शकते, किंवा आणखी काही. कुणाच्या ओळखीवर विसंबायचे नाही आणि पैसे भरून कायम होण्याच्या फंदात पडायचे नाही, हे दोन नियम घरातच ठरवून टाकायचे. बाईंनी ते शांतपणे ऐकले आणि ‘तिच्या पप्पांना सांगते’ म्हणून उठल्या. पप्पांचे मत काय पडले ते कळले नाही. मुलीने अकरावीला विज्ञान आधीच घेतलेले होते.

आता ती बारावीत आहे. परवा ती अर्जांचे कागद घेऊन आली. अभियांत्रिकीसाठीच्या एमएचटी-सीईटीचा अर्ज भरू की चार वर्षांच्या बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा, असे विचारत होती. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, दुसरा भरणे म्हणजे आधीच हार मानणे. मी तिला दोन्ही भरायला सांगितले, दोन्हींच्या शेवटच्या तारखा वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला लावल्या आणि जातीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये आजच अर्ज टाक म्हणून पिटाळले, कारण तिथे नेहमी उशीर होतो.